बसवेशच्या कार्डाची मुदत

सोलापूर,
९ फेब्रुवारी २०२५

श्रीदेवी मॅडम यांस,

शरणु शरणार्थ.

मी प्रभुलिंग कलशेट्टी, वय अडुसष्ट. चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पत्ते पाडायचो, म्हणजे नक्षीप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. एकेचाळीस वर्षं तेच केलं. मागांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले, त्यामुळे फोन माझ्या उपयोगाचा नाही. म्हणून पत्र लिहितोय.

रविवारच्या पुरवणीतलं तुमचं सदर माझा मुलगा बसवेश कापून ठेवतो. कुठल्या कार्डावर किती पैसे परत मिळतात, पेट्रोलला कोणतं बरं, हॉटेलला कोणतं, हे त्याला तोंडपाठ. तो ठिबकचे पाइप विकतो. मंगळवेढा, सांगोला अशी सतत फिरती. त्याच्या कार्डाची मुदत ऑगस्टअखेर संपते. हेच पुढे चालवावं की दुसरं घ्यावं, ते तुम्ही सांगा. त्याला लिहायला वेळ नाही, म्हणून मी लिहितोय.

माझ्या अटी दोनच. कार्डावर 'बसवेश प्रभुलिंग कलशेट्टी' हेच नाव राहिलं पाहिजे. आणि खर्च झाला की त्याच्या फोनवर नाव घालून मेसेज आला पाहिजे, आत्ता येतो तसा 'डिअर बसवेश'. नुसता आकडा पाठवणारं कार्ड नको.

उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट जोडलंय.

आपला,
प्रभुलिंग कलशेट्टी

*

पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

शरणु शरणार्थ. मी मूळची मैंदर्गीची. हे दोन शब्द कागदावर वाचून किती वर्षं झाली होती! ऑफिसात रोज शंभर ईमेल येतात, पण तिकीट लावलेलं पाकीट पाठवणारे तुम्हीच पहिले. त्यामुळे तुमचा नंबर रांगेत पुढे घेतला.

तर ऐका. कार्डं तीन तऱ्हेची असतात. एक सरसकट देणारं: काहीही घ्या, दीड टक्का परत. दुसरं खात्यांचं: हॉटेल, किराणा, औषधं यांवर पाच टक्के, पण महिन्याला ठरावीक रकमेच्या वर दमडी नाही. तिसरं पेट्रोलचं: पंपावर भरपूर आणि बाकी ठिकाणी जेमतेम. मोठा टक्का दिसला की खाली बारीक अक्षरात त्याचा गळा आवळलेला असतो. दात आहेत तर चणे नाहीत, अशीच सगळी गंमत.

फिरतीच्या माणसाला तिसरं बरं. पण नुसतं 'फिरती' म्हणून भागणार नाही. गेल्या तीन महिन्यांत कुठे, काय, किती, ते कळवा.

मेसेजात नाव येतं का, हा प्रश्न मात्र आजवर कुणीच विचारला नव्हता. बहुतेक सगळ्याच बँका घालतात. आणि खरं सांगा, मुलाच्या खर्चात डोकावायला बापाला बरं निमित्त मिळालंय की नाही?

आपली,
श्रीदेवी

*

सोलापूर,
४ मार्च २०२५

चि. श्रीदेवी यांस,

तुम्ही मैंदर्गीच्या, म्हणजे घरच्याच. आता मॅडम म्हणणार नाही.

हिशेब असा. दर महिन्याच्या ७, १७ आणि २७ तारखेला पेट्रोल, प्रत्येक वेळी पाचशे. दर शनिवारी नव्या पेठेतल्या हॉटेलात साठ. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेंगाचटणी, अर्धा किलो. वीस तारखेला फोनचा रिचार्ज. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तिन्ही महिने असंच.

शिवाय २७ डिसेंबरला मंगळवेढा रोडवर एका हॉटेलात चाळीस रुपये. आणि अधूनमधून औषधांच्या दुकानात तीनशे-चारशे. त्या औषधांचं मला विचारू नका.

यावरून सांगा. ऑगस्ट लांब नाही.

आपला,
प्रभुलिंग

*

पुणे,
१२ मार्च २०२५

काका,

रागावू नका, पण हा तुमचा मुलगा आहे की भिंतीवरचं घड्याळ? मी अकरा वर्षं लोकांचे खर्च बघतेय. फिरतीवरचा माणूस एखाद्या महिन्यात आठ वेळा पेट्रोल भरतो, एखाद्या महिन्यात आजारी पडून घरी बसतो. तुमच्या बसवेशची तारीख हलत नाही, रुपया हलत नाही. सांगोल्याला जाणाऱ्याचा सांगोल्यात एक पैसा खर्च नाही. त्या यादीत एकच खर्च माणसासारखा वाटतो, तो मंगळवेढा रोडवरचा चाळीस रुपयांचा.

त्यांनाच दोन ओळी लिहायला सांगा. त्यांचं अक्षर बघितल्याशिवाय मी पुढचं काही सुचवणार नाही.

श्रीदेवी

*

सोलापूर,
२ एप्रिल २०२५

चि. श्रीदेवी,

तीन आठवडे पत्र लिहायचं धाडस झालं नाही.

बसवेश गेल्या सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला लिंगैक्य झाला. मंगळवेढ्याहून येताना, मोटारसायकलवर. एकतीस वर्षांचा होता.

तू मैंदर्गीची आहेस, तुला माहीत आहे. आपल्यात सुतक नाही, श्राद्ध नाही, पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं नाही. माणूस शिवाला मिळाला, संपलं. रुद्रभूमीत त्याला बसवला, विभूती लावली, माती दिली. विधी करणारे जंगम म्हणाले, रडू नका, तो गेला नाही, मिळाला. मी मान हलवली. पण घरी आल्यावर मला कळेना, आता याला भेटायचं कुठल्या दिवशी?

नवव्या दिवशी त्याचा फोन उजळला. मी तो त्याच्या फोटोपाशी चार्जिंगला लावून ठेवला होता. 'डिअर बसवेश, एकशे बारा रुपये कॅशबॅक तुमच्या खात्यात जमा.' सगळ्या गावानं त्याला गेलेला धरलं होतं आणि बँक त्याला पैसे परत देत होती. बँकेला मी कळवायला निघालो होतो. चपला घातलेल्या काढून ठेवल्या.

मग त्याच्या आधीच्या मेसेजांवरून त्याच्या खर्चाची नक्षी काढली आणि तशीच्या तशी विणत गेलो. ते काम मला येतं. पेट्रोल मी गल्लीतल्या शिवूच्या रिक्षात भरतो. शिवू म्हणतो, "काका, कसलं पुण्य लागलंय मला?" हॉटेलवाला कुरकुरतो, "साठ रुपयांला कार्ड कशाला, काका, फोनवरनं द्या की." पण मशीनला कार्ड टेकवलं की घरी त्याचा फोन उजळतो, हे मला माहीत असतं. बिल मी माझ्या चेकनं भरतो, एक दिवसही उशीर नाही.

आता जे सांगतोय त्याला हसू नकोस. औषधांचे खर्च माझे नाहीत. नोव्हेंबरपासून असे मेसेज येतायत जे मी विणलेलेच नाहीत. आणि १४ मार्चला, त्याच्या वाढदिवसाला, कपड्यांच्या दुकानात आठशे नव्याण्णव. मी त्या दिवशी घराबाहेर पडलो नव्हतो. कार्ड माझ्या खिशात होतं. मी ते काढून उलटंसुलटं करून बघितलं. मी भूतबाधा मानणारा माणूस नाही. पण त्या दिवशी मी त्याच्या फोटोला विचारलं, कुठला रंग घेतलास रे?

कमलम्माला, माझ्या बायकोला, यातलं काही माहीत नाही. मी तिला पहिल्याच महिन्यात सांगितलंय की कार्ड बंद केलं. तिला कळता कामा नये.

ऑगस्टनंतर तो कुठे जाईल, एवढंच मला विचारायचं होतं.

प्रभुलिंग

*

पुणे,
१० एप्रिल २०२५

काका,

मी ज्याला घड्याळ म्हटलं त्याचं तुमच्या घरात काय झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. माझी जीभ झडो. मला माफ करा.

२०२२ साली फिरतीच्या लोकांसाठी एक कार्ड मीच सुचवलं होतं. बहुतेक बसवेशचं तेच असावं. त्यांनी माझं कात्रण जपलं आणि मी त्यांच्या बापाची थट्टा केली. तुमचं पत्र आल्यापासून स्वतःचे बँकेचे मेसेजही मला उघडवत नाहीत.

पण गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. गेलेल्या माणसाचं कार्ड वापरणं गुन्हा आहे, बिल कितीही वेळेवर भरा. बँकेला कळवावंच लागेल.

त्याआधी एक करा. जे खर्च तुमचे नाहीत त्यांचे मेसेज अक्षर न अक्षर उतरवून पाठवा. कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा.

श्रीदेवी

*

सोलापूर,
२१ एप्रिल २०२५

चि. श्रीदेवी,

ते सगळे मेसेज उतरवून जोडलेत. ते आकडे मी आधीच बघितले होते. माझ्या खर्चांवर ४४१७ येतं, त्याच्या खर्चांवर ८१२५.

मला वाटलं, तिकडचं कार्ड वेगळं असेल.

प्रभुलिंग

*

सोलापूर,
५ मे २०२५

(लिहिणार पायल, शेजारी राहते, बी.ए. दुसरं वर्ष. काकू बोलतायत तसंच्या तसं लिहितेय.)

बाई,

मी कमलम्मा, प्रभुलिंग कलशेट्टींची बायको. ह्यांच्या टेबलावर तुमचं पाकीट घावलं. आतलं मी वाचू दिलं न्हाय, दुसऱ्याचं पत्र वाचू ने. पर वरती कार्डाचं कायतरी छापलंय आसं पायल म्हणली. तवा तुमी बँकेच्या असाल.

बसूनं मला येक कार्ड दिलं व्हतं, त्येच्याच कार्डाला जोडून. फुकाट मिळालं म्हणला. गुडघ्याच्या गोळ्यांसाठी. म्हणला, "आई, आप्पाला सांगू नगंस, त्यो उधारी म्हणून वरडंल." मी न्हाय सांगितलं.

बसू गेल्यावर हे म्हणले, कार्ड बंद केलं. मी बरं म्हणले. म्होरं दिवाळीच्या टायमाला मेडिकलात गेले तर हाताच्या सवयीनं त्येच कार्ड म्होरं केलं. वाटलं, आता ह्यो माणूस न्हाय म्हणणार आन् मला सगळ्यांसमोर रडू येणार. तर टुंग वाजलं की हो! पावती आली!

बंद केल्यालं कार्ड चालतंय कसं, तुमीच सांगा. कोण भरतंय पैसं? नन्न मगा, माझा ल्योक भरतोय. गोळ्या संपल्या का म्हणून दर म्हैन्याला इचारायचा, त्यो अजून इचारतोय. मी लई वापरत न्हाय. गोळ्यांपुरतंच. वाढदिसाला तेवढा शर्ट घेतला, निळा, बेचाळीस नंबर. गदगीवर, त्येच्या समाधीवर ठिवला, मागनं जंगमाला दिला.

हे तुमाला कार्डाबद्दल काय लिवत असतील तर तुमी त्येंच्या नादाला लागू नगा. कार्ड चालू ऱ्हाऊ द्या. आन् ह्यांना ह्यातलं कायबी सांगू नगा. आपण सगळं बंद केलं, ह्याच्यावर त्येंचा जीव शांत हाय.

कमलम्मा

*

पुणे,
१४ मे २०२५

प्रभुलिंग काका आणि कमलम्मा काकू,

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचायचं. काका, काकूंना मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं एक वाक्यही गाळू नका.

तुम्ही दोघांनीही मला 'त्यांना कळू देऊ नका' असं लिहिलंत. चार-पाच दिवस दोन्ही पत्रं समोर घेऊन बसले. दोघांचाही शब्द मोडतेय.

काका, बसवेशनं त्यांच्या कार्डाला जोडून आईसाठी दुसरं कार्ड घेतलं होतं. त्याचे शेवटचे आकडे ८१२५. औषधं काकूंची आहेत. वाढदिवसाचा शर्ट काकूंनी घेतला. तुम्ही रंग विचारला होता, तो निळा आहे.

काकू, काकांनी कार्ड बंद केलं नव्हतं. त्यांना ते जमलं नाही. तुमच्या गोळ्यांचे पैसे दर महिन्याला काका भरत होते.

कॅशबॅक म्हणजे आपलेच थोडे पैसे फिरून आपल्याकडे येतात, बँक नवीन काही देत नाही, हे मी सदरात शंभरदा लिहिलंय. तुम्हाला लिहिताना मात्र मला रडू येतंय. तुमच्या घरातून जात होतं ते तुमच्याच घरात येत होतं.

दोन्ही कार्डं आणि मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा. ऑगस्टची वाट बघू नका. काकूंच्या गोळ्या काकांनी आणायच्या, रोखीनं.

माझ्यावर रागावलात तरी चालेल.

तुमची,
श्रीदेवी

*

सोलापूर,
३० ऑगस्ट २०२५

चि. श्रीदेवी,

साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. रागावलो होतोच.

तू म्हणालीस मोठ्यानं वाच. बहिऱ्या माणसाचं मोठ्यानं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही. पायलच्या घरचे गॅलरीत आले. मी 'शर्ट काकूंनी घेतला'पर्यंत पोचलो आणि पुढचं अक्षर दिसेना. कमलम्मानं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं नाही. ती थांबली. मी पुढे वाचलं. संपल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे बघत, मला ओठ वाचता यावेत असं सावकाश विचारलं, "म्हंजे ते तुमी हाय व्हय?"

त्यानंतर आम्ही भांडलो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढं कधी भांडलो नव्हतो. ती म्हणाली, तुमी माझं पोरगं दुसऱ्यांदा नेलं. मी म्हणालो, तूही माझं नेलंस. त्या दिवसापासून तिचं खाणं तुटलं. दोन घास खायची आणि उठायची. दिवसा फोटोपाशी बसायची, फोनकडे बघत. गोळ्या मी आणून द्यायचो, त्या तशाच पडून राहायच्या. मला वाटलं, श्रीदेवीनं खरं सांगितलं आणि आता हीसुद्धा जाते की काय.

बँकेत जायचं आज-उद्या करत राहिलो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुरिअर आलं. मुदत संपायच्या आत बँकेनं आपणहून नवीन कार्डं पाठवली होती, दोन्ही. बसवेशचं नाव नव्या अक्षरांत, पुढच्या पाच वर्षांसाठी. तुझ्या तीन तऱ्हांच्या तुलनेची गरजच नव्हती. आम्ही ती टेबलावर ठेवून समोरासमोर बसलो. पाच वर्षं. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. ती ठेवून घ्यायचं माझं मन झालं होतं, तुझ्यापासून लपवत नाही. कमलम्माच उठली आणि पायात चपला घातल्या.

दाखला दिला, जुनी-नवी चारही कार्डं दिली, राहिलेलं बिल भरलं. काउंटरवरच्या मुलीनं कात्रीनं कार्डं कापली तेव्हा कमलम्मानं माझा दंड धरला होता.

घरी आलो तर फोनवर मेसेज आलेला. 'डिअर बसवेश, तुमच्या विनंतीनुसार तुमचं कार्ड बंद करण्यात आलं आहे.' 'तुमच्या विनंतीनुसार' एवढे शब्द मी पुन्हा एकदा वाचले.

काल आम्ही ते सगळे मेसेज काढले. तो गेल्यापासूनचे, अठ्ठ्याहत्तर. फोन बंद करायच्या आधी कुठला कुणाचा ते एकदा बघून घ्यावं, असं तीच म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही. मी वाचत होतो, ती ऐकत होती. पेट्रोल, माझं. गोळ्या, तिच्या. शेंगाचटणी, माझी. ती म्हणाली, तरीच घरात चटणीच्या पुड्या साठल्यात. ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली.

मग २७ डिसेंबर आला. मंगळवेढा रोड, हॉटेल, चाळीस रुपये.

"ह्यो माझा न्हाय," ती म्हणाली. "मी मंगळवेढ्याला कवा गेले?"

मी फोनकडे बघत राहिलो. तिनं माझा हात हलवला. "तुमचा?"

मी म्हणालो, "माझापण नाही."

"चाळीस म्हंजे दोन च्या," ती म्हणाली. आणि मग, श्रीदेवी, तिचा चेहरा असा झाला, जसा मी सप्टेंबरपासून बघितला नव्हता. "येक त्येचा, येक बरोबरच्याचा. माझा बसू कदी येकटा च्या प्यायला न्हाय."

काल रात्री ती पोटभर जेवली. गोळीही घेतली.

तुझ्या पत्रातलं तेच एक वाक्य मला कधी विसरता आलं नाही, की त्या यादीत तो एकच खर्च माणसासारखा वाटतो. तो माझाच होता. त्याला जाऊन तीन महिने झाले त्या दिवशी मी कमलम्माला न सांगता एसटीनं गेलो होतो. जिथं तो पडला त्याच्या अलीकडेच ते हॉटेल आहे. मी दोन चहा सांगितले. एक मी प्यायलो, दुसरा समोरच्या खुर्चीपुढे ठेवला आणि तो गार होईपर्यंत बसलो.

ऑगस्टनंतर तो कुठे जाईल, असं मी तुला विचारलं होतं. तो आता तिथं आहे, त्या हॉटेलात. कमलम्मापुरता. तेवढं खोटं मी शेवटपर्यंत सांभाळीन.

हे तुलाच लिहिलं, कारण खरं कुणाला तरी माहीत असावं. उत्तराचं पाकीट या वेळी जोडलेलं नाही.

शरणु शरणार्थ.

तुझा काका,
प्रभुलिंग